एका व्हॉल्व्हची किंमत ठरवताना

माझ्या अहवालाची एकतीस पानं झाली. बत्तिसावं पान मी लिहिलं होतं, टाईपही केलं होतं, आणि शेवटच्या आठवड्यात काढून टाकलं. चेन्नईतल्या त्या दोन वर्षांबद्दल कुणी विचारलं की मी उकाडा, हॉस्टेलची मेस, न जमलेलं तमिळ असं काहीबाही सांगते. त्या पानाबद्दल मी आजवर दोनच माणसांशी बोलले आहे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. सांगलीकडच्या एका तालुक्याच्या गावात, हायवेला लागून वडिलांचं गॅरेज आहे. पत्र्याची शेड, गाडीखाली उतरायचा एक खड्डा, एक जुना ग्राइंडर. ते टेम्पो, जीप आणि ट्रॅक्टरची इंजिनं उघडतात. मी इंजिनियर झाले ती त्या शेडच्या जोरावर, आणि औद्योगिक व्यवस्थापन शिकायला चेन्नईला गेले ती शिष्यवृत्तीच्या जोरावर. तिथल्या प्रवेश अर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे मी ‘ऑटोमोबाईल क्षेत्र’ असं लिहिलं. ते खोटं नव्हतं. वर्गातल्या एकीने विचारलं, डीलरशिप आहे का, तेव्हा मी नुसती हसले. तेही तसं खोटं नव्हतं.

दोन हजारच्या दशकाची मधली वर्षं होती. श्रीपेरुंबुदूरच्या बाजूला नवनवे मोटारींचे कारखाने उभे राहत होते आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे त्यांच्या मागोमाग येत होते. आमच्या कॉलेजात छोट्या वर्कशॉपवाल्यांना मदत करणारा एक कक्ष होता. तिथे एक प्रकरण आलं. साचे-हत्यारं बनवणाऱ्या टूलरूममधून निवृत्त झालेल्या एका वृद्ध गृहस्थांनी डिझेल इंजिनाचा सुधारलेला व्हॉल्व्ह तयार केला होता, आणि इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्याला ते डिझाईन विकत हवं होतं. किंमत काय, यावर घोडं अडलं होतं. शेवटी दोघांनी मान्य केलं की कॉलेजने त्याचं बाजारमूल्य काढून द्यावं आणि त्यावर बोलणी करावीत. आमच्या सरांनी ते काम प्रोजेक्ट म्हणून मला दिलं. कारण साधं होतं. ते गृहस्थ तंजावरकडचे मराठी होते आणि वर्गात मराठी बोलणारी मी एकटीच होते.

त्यांची शेड अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत, एका मागच्या गल्लीत होती. दोन लेथ, एक ग्राइंडिंग मशीन, एक कामगार. मी पोचले तेव्हा ते बाकावर बसून वर्तमानपत्र वाचत होते, तमिळ.

“ये अम्मा, बस. जेवलीस कीं?” त्यांनी विचारलं. सकाळचे साडेदहा वाजले होते.

“नाश्ता झाला काका.”

“नाश्ता म्हणजे काय? टिफन म्हणून सांग. आणि हळू बोल. तुमच्याकडची मराठी उदंड धावते.”

तिकडे लहान मुलीलाही अम्मा म्हणतात, हे मला तोवर माहीत झालं होतं. त्यांची मराठी मी इथे आठवेल तशी लिहिते आहे. हुबेहूब ती मला जमणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या घरातच बोलली गेलेली भाषा होती, आणि तिचा हेल तमिळ होता. मराठी वाचता येत नाही असं त्यांनी सांगितलं, पण त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नव्हता.

त्यांनी माझ्यासमोर दोन व्हॉल्व्ह ठेवले. एक नेहमीचा, एका मिनी ट्रकच्या इंजिनातून काढलेला, एका बाजूने जळून खाल्ला गेलेला. दुसरा त्यांचा. धूर बाहेर सोडणारा हा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सतत आगीत असतो. त्याची कड सीटवर, म्हणजे तो टेकतो त्या कड्यावर, एकाच जागी बसत राहिली की काजळी धरते, फट पडते आणि तिथूनच तो जळतो. त्यांनी दांड्याच्या टोकाच्या खाचा अशा बदलल्या होत्या की प्रत्येक उघडझापीला व्हॉल्व्ह केसभर फिरावा. फिरत्या व्हॉल्व्हची कल्पना मोठ्या इंजिनांत जुनीच होती. पण छोट्या, जुन्या डिझेल इंजिनात, हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, काहीही न करता तो बसावा, ही युक्ती त्यांची.

मी जळका व्हॉल्व्ह उचलला, उजेडाकडे तिरपा धरला आणि कडेवरून नख फिरवलं.

“कुठे शिकलीस हें?” ते म्हणाले.

“कॉलेजात.”

“कॉलेजांत व्हॉल्व्ह असा धरत नाहींत. कॉलेजांत त्याचं चित्र काढतात.”

मग मी सांगितलं. वडील हेडचं काम करतात, सुट्टीच्या दिवशी मीही व्हॉल्व्ह घासायला बसायचे. कडेला पेस्ट लावायची, लाकडी दांडीचं रबर व्हॉल्व्हच्या डोक्यावर चिकटवायचं आणि दांडी दोन्ही तळव्यांत रवीसारखी फिरवत राहायची. झालं की वरून रॉकेल ओतायचं आणि झिरपतं का ते पाहायचं. चेन्नईत हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगत होते. त्यांचा चेहरा एकदम उजळला.

“मग मला तुझे सर कशाला? तुझे बाबाच पुरे.”

त्या दिवशी त्यांनी मला त्यांचं म्हणणंही नीट समजावलं. नव्या इंजिनांसाठी कारखान्याने खुशाल त्यांचा व्हॉल्व्ह बनवावा, तेवढी मोठी यंत्रं त्यांच्याकडे नव्हतीच. पण रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांसाठी, म्हणजे स्पेअर म्हणून, तो बनवायचा आणि विकायचा हक्क त्यांना स्वतःकडे हवा होता. शेड त्यावर चालली असती. कारखान्याचं म्हणणं होतं की स्पेअरचा बाजार किरकोळ आहे, त्यासाठी वेगळा हक्क कशाला, सगळं मिळून एकरकमी द्या. म्हणजे माझ्या अहवालाने स्पेअरचा बाजार मोठा दाखवला तर तो हक्क त्यांच्याकडे राहणार होता, आणि किरकोळ दाखवला तर जाणार होता.

“अस्के सांगतात जुनं इंजिन म्हणजे भंगार म्हणून,” ते म्हणाले. अस्के म्हणजे सगळे. “तूं पाहा आणि लिही. जें असेल तें लिही.”

पुढच्या आठवड्यात ते मला एन्नोरला घेऊन गेले. दोन बस बदलल्या. वीज केंद्राची धुराडी दिसू लागली आणि खिडकीच्या कडेवर राखेचा बारीक थर बसला. तिथल्या कोळीवाड्यातून बर्फ आणि मासळी वाहणाऱ्या एका मिनी ट्रकमध्ये काकांनी त्यांचे व्हॉल्व्ह बसवून दिले होते. ड्रायव्हर गाडीचा मालकही होता. तो तमिळमध्ये भरभर बोलला आणि काका मला सांगत गेले.

“बसवल्यापासून हेड उघडलाच नाहीं म्हणतो.”

“किती किलोमीटर झाले?”

काकांनी विचारलं. ड्रायव्हर हसला.

“मीटर बंद आहे म्हणतो. गाडी घेतली तेव्हापासूनच बंद.”

“मग कसं मोजायचं?”

“दोन पोंगल झाले म्हणतो. पूर्वी एका पोंगलपासून दुसऱ्या पोंगलपर्यंत दोनदा हेड उतरवायचा. बायको सांगायची, गाडी विक आणि मेकॅनिकलाच जावई करून घे म्हणून.”

मी वहीत ‘दोन पोंगल’ असं लिहिलं, आणि ते कुठल्या रकान्यात घालायचं याचा हॉस्टेलवर येऊन बराच वेळ विचार केला.

किंमत काढायची रीत आम्हाला शिकवली होती. दरवर्षी किती नवी इंजिनं बनतील, ती बनवणाऱ्यांपैकी किती जणांना हा व्हॉल्व्ह घ्यावासा वाटेल, नेहमीच्यापेक्षा किती जास्त देतील, हे किती वर्षं चालेल, आणि पुढच्या वर्षांत मिळणाऱ्या पैशाचं आजचं मोल किती. नव्या इंजिनांचं हे सगळं छापील मिळत होतं. कॉलेजच्या ग्रंथालयात जाडजूड वार्षिक अहवाल होते. स्पेअरसाठीही छापील आकडे होते: देशात दरवर्षी बदलीसाठी किती व्हॉल्व्ह विकले जातात. तो आकडा खरोखरच लहान होता. कारखाना बरोबर बोलत होता, असं दिसत होतं.

मी बूथवरून घरी फोन लावला. बाबांना विचारलं, आपल्याकडे महिन्याला किती व्हॉल्व्ह बदलता.

“बदलतो कुठं गं? फारच गेला तर बदलतो.”

“म्हणजे कमीच ना?”

“विकत घेतलेले कशाला मोजतीस? घासलेले मोज. गिऱ्हाईक म्हणतंय घासून चालव, आपण घासतोय. दहा हेडं उघडली तर सहा-सातांत घासकाम असतंय. कडेला मांस उरत नाही तोवर घासतोय.”

“आणि घासायला लागणारच नाही असा मिळाला तर?”

बाबांच्या मागे कुणीतरी स्टार्टर मारत होतं.

“हेड परत उतरवायची मजुरी वाचतीय तर कोण घासंल? पहिल्यांदा उघडलं तेव्हाच नवा घालायला सांगीन मी.”

मी बूथमध्येच मिनिटभर उभी राहिले. छापील आकड्यांत विकलेले व्हॉल्व्ह होते. घासलेले कुठेच नव्हते, कारण त्यांचं बिल होत नाही. काकांच्या व्हॉल्व्हचा खरा बाजार त्या न झालेल्या बिलांत होता. हे ग्रंथालयात कुणाला सापडलं नसतं. मलाही सापडलं नाही. ते मी लहानपणापासून तळव्यांनी केलं होतं आणि तरीही बाबांनी सांगेपर्यंत मला दिसलं नव्हतं.

दहा दिवसांनी बाबांचं पाकीट आलं. त्यांनी आमच्या गावातली आणि शेजारच्या दोन गावांतली गॅरेजं पालथी घातली होती. वहीच्या मधल्या जोडपानावर रकाने पाडून लिहिलं होतं: गॅरेज, महिन्याला हेडं किती उघडली, घासले किती, बदलले किती. ट्रॅक्टर वेगळे, टेम्पो वेगळे. एका ओळीपुढे लिहिलं होतं, ‘हा थापा मारतो, निम्मे धर.’ चिठ्ठीत खाली एवढंच: ‘तुझ्या अभ्यासाला लागेल म्हणून रविवार धरून फिरलो. अजून लागलं तर कळव.’

मी काकांना फोनवर सांगितलं की बाबांनी आकडे पाठवलेत. ते म्हणाले, बेस झालें, तसं लिही.

मी लिहिलं. अंबत्तूर आणि एन्नोरच्या रस्त्यावरच्या काही गॅरेजांतही विचारून आले. तिथेही तेच चित्र होतं, पण माझ्या तमिळमुळे पाच-सहाच जणांशी बोलता आलं. सगळं जोडून बत्तिसावं पान झालं. त्यावर एक तक्ता होता आणि खाली स्पेअरच्या बाजाराचा अंदाज. तो आकडा नव्या इंजिनांच्या आकड्याहून मोठा येत होता. मी तीनदा गणित तपासलं.

सरांनी मसुदा वाचला. ते शांत स्वभावाचे होते, कधी आवाज चढवला नाही. बत्तिसाव्या पानावर पेन्सिल टेकवून त्यांनी विचारलं, “स्रोत?”

बाकी प्रत्येक तक्त्याखाली बारीक अक्षरात स्रोत लिहिला होता. या तक्त्याखाली मी जागा मोकळी ठेवली होती.

“अजून लिहायचा आहे सर.”

“लिही. नसेल तर तक्ता काढ,” ते म्हणाले आणि पुढच्या पानाकडे वळले. पुढचं पान नव्हतं.

त्या रात्रीच नव्हे, तर त्यानंतरचा पूर्ण आठवडा मी त्या मोकळ्या जागेशी झटत होते. काय लिहिणार? ‘वडील’ असं लिहू? ‘सांगलीकडचं एक गॅरेज’ असं? सादरीकरणाला कारखान्याचे व्यवस्थापक असणार होते. त्यांनी विचारलं असतं, हे गॅरेज कुणाचं? आणि मग डीलरशिप का असं विचारणाऱ्या मुलीला, माझ्या हसण्याला, अर्जातल्या त्या रकान्याला, सगळ्याला एकदम उत्तर द्यावं लागलं असतं. मी स्वतःला सांगत होते की हा प्रश्न शास्त्राचा आहे. एवढ्याशा माहितीवरून देशाचा अंदाज बांधणं बरोबर नाही, अहवाल चोख असला पाहिजे. तसं म्हणायला जागा होती, म्हणूनच ते मला इतकं सोयीचं पडलं. खरं कारण मला तेव्हाही ठाऊक होतं.

मी पान काढलं. स्पेअरच्या बाजारासाठी छापील आकडा घेतला आणि त्यापुढे लिहिलं, ‘तुलनेने नगण्य’. हे दोन शब्द मी स्वतः निवडले होते.

सादरीकरण इरुंगाट्टुकोट्टैला, कारखान्याच्या बैठकीच्या खोलीत झालं. थंडगार खोली, काचेपलीकडे एकसारखी निळी यंत्रं. व्यवस्थापक होते, आमचे सर होते आणि काका. काकांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि खिशाला दोन पेनं लावली होती. मी बोलत गेले. नव्या इंजिनांचा भाग सगळ्यांना आवडला. मग व्यवस्थापकांनी विचारलं, “आणि स्पेअरच्या बाजारात अजून काही वाव आहे, असं तुम्हाला दिसलं का?”

“उपलब्ध माहितीनुसार नाही,” मी म्हणाले.

काका माझ्याकडे वळले. त्यांना इंग्रजी येत होतं, व्यवस्थापकांशी ते तमिळमध्येही बोलू शकले असते. पण बाकीच्यांना कळू नये म्हणून त्यांनी हळू आवाजात मराठीत विचारलं.

“अम्मा, तुझे बाबा कागद धाडलेत ना?”

त्यांनी माझी लाज राखून विचारलं होतं. एवढं मला त्या क्षणीसुद्धा समजलं.

“ते तसं धरता येत नाही काका,” मी म्हणाले.

“ते काय म्हणताहेत?” व्यवस्थापकांनी मला इंग्रजीत विचारलं.

“काही नाही,” मी इंग्रजीत म्हणाले. “पान कितवं ते विचारत होते.”

काकांनी ते ऐकलं. मग समोरचा अहवाल उघडला आणि मान खाली घालून एक पान शोधल्यासारखं केलं.

महिन्याभरात करार झाला. सगळे हक्क, एकरकमी. रक्कम मी इथे लिहीत नाही. नव्या इंजिनांपुरती ती वाजवी होती. बाबांनी फोनवर विचारलं, “माझं ते उपयोगी पडलं का गं?” मी म्हणाले, “पडलं ना.” ते म्हणाले, “मग फिरलो त्याचं सार्थक झालं,” आणि लगेच दुसरं काही बोलू लागले, कारण कौतुक ऐकायला त्यांना अवघड वाटतं.

अभ्यासक्रम संपला तेव्हा मी सरांचा निरोप घ्यायला गेले. मला चेन्नईतच नोकरी लागली होती. का कोण जाणे, त्या पानाचा विषय मीच काढला. म्हणाले, सर, त्या तक्त्याला स्रोत होता. माझ्या वडिलांनी गॅरेजं फिरून आकडे जमवले होते.

सरांनी विचारलं, “किती गॅरेजं?”

मी सांगितलं.

“ती प्रत्यक्ष पाहणी झाली. अख्ख्या अहवालात कुणाकडे नसलेली माहिती तेवढीच होती. स्रोताच्या जागी तेच लिहायचं.” मग जरा थांबून म्हणाले, “मी विचारलं तेव्हा मला वाटलं, तू कुठल्या तरी पुस्तकातून उतरवून घेतलं असशील.”

ते पुढेही काही चांगलं बोलले, नोकरीबद्दल, पण माझं लक्ष नव्हतं. मी ज्या प्रश्नाला घाबरले होते तो नुसता प्रश्न होता.

काकांकडे जायचं ठरवून मी सात-आठ महिने घालवले. नवी नोकरी, नवी खोली, सबबी भरपूर होत्या. शेवटी एका शनिवारी गेले. शेडमध्ये एकच लेथ चालू होता आणि त्यावर काका स्वतः उभे होते. कामगार दिसला नाही. टेबलावर इडलीचं पीठ वाटायच्या ग्राइंडरचे पितळी बुश रांगेत मांडले होते.

“ये अम्मा. पगार चांगला आहे कीं?”

ते नेहमीसारखं बोलले, घरच्यांची विचारपूस केली. मग मीच विचारलं, व्हॉल्व्हचं काय चाललं आहे. त्यांनी सांगितलं की कारखान्याने तो स्पेअर म्हणून बाजारात आणला आहे. चारचारच्या डब्यांत मिळतो. कारखान्याचं पत्र आलं, की करारानुसार शेडमध्ये तो यापुढे बनवू नये. पत्र सभ्य होतं, म्हणाले.

“एन्नोरचा तो आला होता. मेव्हण्याच्या गाडीला एक सेट पाहिजे म्हणून. मी सांगलों, मला बनवतां येत नाहीं. त्याला तें समजलंच नाहीं. हसला. चेष्टा करतों म्हणून वाटलं त्याला.”

मी सांगून टाकलं. बाबांचे आकडे मी अहवालात घातले होते आणि मग काढले. स्रोत म्हणून गॅरेजचं नाव लिहायची मला लाज वाटली. बैठकीत ते मला सांगता आलं असतं आणि मी खोटं बोलले.

काकांनी लेथ बंद केला. पट्टा थांबेपर्यंत ते त्याच्याकडे पाहत होते.

“मीपण तुझ्या बाबांसारखंच काम केलों अम्मा,” ते म्हणाले. “तीस वर्षं.”

त्यांनी टेबलावरचा एक बुश उचलला आणि परत रांगेत ठेवला.

“सांगायचं होतंस. त्या दिवशीं सांगायचं होतंस.”

“हो काका.”

मग त्यांनी विचारलं, जॉर्ज टाउनकडे जाणं होतं का. एन्नोरच्या माणसाला एक सेट आणून द्यायचा होता. त्यांनी स्वतः जायला हरकत नव्हती, पण तिथले दुकानदार ओळखीचे होते. “मी काउंटरवर उभा राहून तो व्हॉल्व्ह मागणार, बरं दिसत नाहीं,” ते म्हणाले.

मी दुसऱ्याच शनिवारी जॉर्ज टाउनला गेले. बंदराकडच्या त्या गल्ल्यांत हातगाड्या आणि हमालांमधून वाट काढत एका घाऊक दुकानात पोचले. दुकानदार माझ्याशी हिंदीत बोलला. डबा लगेच पुढे ठेवला, शोधावा लागला नाही.

“जास्त जातो का हा?” मी विचारलं.

“मॅडम, आधी मेकॅनिक लोक घासायची पेस्ट घेऊन जायचे. आता पेस्ट पडून राहते, हा घेऊन जातात. तुमचं गॅरेज कुठे आहे?”

“सांगलीकडे,” मी म्हणाले. त्याला ते कुठे हे माहीत नव्हतं. त्याने मान हलवून बिल केलं.

डबा घेऊन मी तशीच अंबत्तूरला गेले. काकांनी हात पुसले, चष्मा लावला आणि चारही व्हॉल्व्ह कापडावर काढले. मायक्रोमीटरने एकेकाचा दांडा मापला. खाचांवरून अंगठा फिरवला. एक व्हॉल्व्ह उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला. मला वाटत होतं, काहीतरी चुकलेलं निघावं. का वाटत होतं ते सांगता येत नाही.

“बेस केलेत,” ते म्हणाले. “माझ्यापेक्षां साफ.”

त्यांनी व्हॉल्व्ह परत डब्यात घातले आणि डब्यावर पेन्सिलीने ट्रकचा नंबर लिहिला. मग विचारलं, “बाबांना सांगितलीस कां?”

“नाही.”

“सांगूं नको. ते उदंड फिरले असतील त्या कागदासाठीं.”

मी सांगितलं नाही. काकांनी ते बाबांच्या मायेपोटी म्हटलं होतं. मी मात्र ते ऐकलं, कारण ते माझ्या सोयीचं होतं. आता बाबा आपल्या गॅरेजात तेच व्हॉल्व्ह बसवतात आणि फोनवर त्यांची तारीफ करतात. हे कुठे छापून आलं तर ते वाचतील. त्यांना वाचायला वेळ लागतो, पण ते शेवटपर्यंत वाचतात. आकडे बरोबर होते बाबा. पान मी काढलं.